रोमला सहकुटुंब जाताय? उन्हाआधी कलोसियम

कलोसियम (प्राचीन गोल प्रेक्षागृह), रोमन फोरम (जुन्या शहराच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि शेजारची पॅलेटाईन टेकडी यांचं तिकीट एकत्र मिळतं, म्हणून लोक भर उन्हात तिन्ही उरकायला जातात. आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर कलोसियमची सकाळची पहिली वेळ धरा आणि लगेच फोरममध्ये उतरा. तिथे सावली फार कमी. १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत, पण त्यांचंही तिकीट आधी काढावं लागतं. तिकिटावर नाव असतं, तेव्हा पासपोर्ट जवळ हवाच.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रस्तोरस्ती ‘नासोनी’ नावाचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात. पाणी गार आणि पिण्याजोगं. वाकड्या तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून धार उडते, थेट तोंड लावून पिता येतं. मुलं तिथून हलायला तयार होत नाहीत, होऊ द्या उशीर!

दुपारी पँथिऑन या घुमटाच्या प्राचीन मंदिराच्या गारव्यात जा. घुमटाचा व्यास सुमारे ४३ मीटर, आत एकही लोखंडी सळई नाही. वरच्या उघड्या झरोक्यातून पाऊस आत येतो. तो वाहून जायला फरशीत भोकं आहेत, ती मुलांना शोधायला सांगा.