दवाखान्यातला कॉम्प्युटर आणि बटनाएवढा सेल

धरमपेठेतल्या माझ्या दवाखान्यात रोज सकाळी तोच घोळ. पेशंटच्या नोंदींची साइट उघडेना, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ एवढंच दिसे. इंटरनेटवाल्याशी दोनदा भांडलो (उगाच). मग कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं: १ जानेवारी २०१२! साइटचं प्रमाणपत्र (साइट खरी असल्याचा ठरावीक मुदतीचा डिजिटल दाखला) लागू आहे की नाही, हे कॉम्प्युटर स्वतःच्या तारखेवरून ठरवतो; २०१२ मध्ये त्याची मुदत सुरूच झाली नव्हती. रात्री मेन स्विच बंद केला की घड्याळ चालतं ते मदरबोर्डवरच्या (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या) सीआर२०३२ या बटनाएवढ्या सेलवर. तोच संपला होता. सीताबर्डीवरून ३ व्होल्टचा नवा आणला, प्लग काढून बसवला, तारीख भरली. साइट लगेच उघडली. मधल्या काळात छापलेल्या चिठ्ठ्यांवरच्या तारखा मात्र कंपाउंडरला पेनाने दुरुस्त कराव्या लागल्या.