प्रागला जाताय? मग आम्ही केलेल्या या चुका तरी करू नका

मागच्या सप्टेंबरात आई-बाबा, बायको आणि मी असे चौघं चार दिवस प्रागला जाऊन आलो. शहर भारीच आहे, प्रश्नच नाही, पण आमचे जवळजवळ दोन दिवस वेळा चुकल्यामुळे वाया गेले.

चार्ल्स ब्रिजचंच घ्या. हॉटेलचा ब्रेकफास्ट फुकट म्हणून नऊपर्यंत तिथेच बसलो, मग आवरून पुलावर पोचायला अकरा वाजले, आणि तिथे दादर स्टेशनच्या पुलासारखी गर्दी. १३५७ साली चौथ्या चार्ल्स राजाने बांधायला घेतलेला हा पूल ५१६ मीटर लांब आहे पण रुंदी जेमतेम १० मीटर, त्यात दोन्ही बाजूंना ३० पुतळे, चित्रं विकणारे, वाजवणारे, सगळे त्यातच. दुसऱ्या दिवशी सहा-साडेसहाला गेलो तर खाली नदीवर धुकं आणि वर आम्ही चौघं अन् एक झाडूवाला. तेव्हा ब्रेकफास्ट नंतर करा.

घड्याळाचंही तसंच. जुन्या चौकातलं १४१० चं खगोलीय घड्याळ दर तासाला वाजतं, सांगाडा घंटा हलवतो, खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य (प्रेषित) फिरतात, शेवटी कोंबडा आरवतो, संपलं. मिनिटभरसुद्धा नाही. आई म्हणाली, "एवढ्यासाठी वीस मिनिटं उभं केलंस?" सगळे माना वर करून बघत असतात तेव्हा पाकीटमारांचं फावतं, पाकीट पुढच्या खिशात ठेवा. त्यापेक्षा टाऊन हॉलच्या टॉवरवर जा, लिफ्ट आहे.

टेकडीवरच्या प्राग किल्ल्यावर खालून चढत जाऊ नका, बाबांचा गुडघा त्यातच गेला. २२ नंबरची ट्राम धरून प्राझ्स्की ह्राद स्टॉपला उतरा, तिथून जवळजवळ सपाट आहे, मग सगळं बघून पायऱ्यांनी खाली उतरा. रविवारी सकाळी किल्ल्यातल्या सेंट व्हायटस कॅथेड्रलमध्ये (मोठं चर्च) प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारनंतरच सोडतात. आणि ज्यू म्युझियमची सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) अन् जुनं कब्रस्तान शनिवारी बंद. आम्ही नेमकं उलटं ठरवलं होतं, शनिवारी कब्रस्तान, रविवारी सकाळी चर्च 🤦

पैसे. तिथे युरो नाही, कोरुना चालतो. बाबांनी चौकाजवळच्या एका काउंटरवर 'झिरो कमिशन' बोर्ड बघून १०० युरो बदलले आणि रेट बघितलाच नाही, बराच फटका बसला. रात्री कळलं की २०१९ पासून कायदाच आहे, १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, पावती आणि ती रक्कम घेऊन त्याच काउंटरवर परत जायचं. आमचे तीन तास कधीच उलटून गेले होते. एटीएमने 'तुमच्या करन्सीत चार्ज करू का' विचारलं तर नाही म्हणा, कोरुनाच निवडा. ट्राम-मेट्रोचं कागदी तिकीट पिवळ्या मशीनमध्ये पंच केल्याशिवाय चालू होत नाही, खिशात तिकीट असूनही दंड होतो.

आता डे ट्रिप. चेस्की क्रुमलोव्ह हे जुनं गाव सुंदर आहे पण बसने एका बाजूलाच तीन तास लागतात, म्हणजे दिवसाचे सहा तास बसमध्येच, आईबाबा बरोबर असतील तर तिथे रात्र काढा नाहीतर सोडा. कुटना होरा ट्रेनने साधारण तासाभरावर आहे, चांदीच्या खाणींचं गाव. आमची चूक अशी झाली की मेन स्टेशनला उतरलो आणि 'गाव जवळच असेल' म्हणून चालत सुटलो. हाडांचं चॅपल (माणसांच्या हाडांनी सजवलेलं छोटं चर्च) तिथून दहा-पंधरा मिनिटांवर, पण जुनं गाव आणि सेंट बार्बरा चर्च आणखी अडीच-तीन किलोमीटर. आधी चॅपल बघा, मग लोकल ट्रेन नाहीतर बस पकडून गावात जा. चॅपलच्या दारात तिकीट मिळत नाही, जवळच्या माहिती केंद्रातून घ्यावं लागतं, आम्ही दारातून परत फिरलो. आत चाळीस हजारांहून जास्त माणसांची हाडं, मधोमध हाडांचंच झुंबर. एका बाजूला सरदार घराण्याचं हाडांचं राजचिन्ह आहे, त्यात कावळा एका कवटीचा डोळा टोचतोय, तो नीट बघा, फोटो काढायला बंदी आहे. सेंट बार्बराचं काम १३८८ ला सुरू झालं आणि १९०५ ला पुरं झालं, आत पांढऱ्या झग्यातला खाणकामगाराचा पुतळा आहे, बाबा त्याच्यापुढे बराच वेळ उभे होते.

शाकाहारी असाल तर 'स्माझेनी सीर' मागा, म्हणजे तळलेलं चीज, बरोबर बटाटे. आईने चारपैकी तीन दिवस तेच खाल्लं, चौथ्या दिवशी बॅगेतला मेथकूट-भात काढला.