एका थराच्या अर्धवाहकात नेमकं धावतं कोण?

या विषयात संशोधनाला येणारे बहुतेक जण आल्याआल्या विचारतात, "मोबिलिटी (विद्युतक्षेत्रात वाहक किती सहज धावतात ते) किती मिळते?" मला वाटतं, त्याआधी दुसरंच विचारायला हवं: प्रकाश पडल्यावर हलतंय कोण?

सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली, धन प्रभारासारखी वागणारी रिकामी जागा) यांना बांधून ठेवणारी ऊर्जा सुमारे 15 मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट. खोलीच्या तापमानाची उष्णता 25 च्या आसपास, त्यामुळे जोडी सहज फुटते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच थर जेमतेम 0.65 नॅनोमीटर जाड. दोन प्रभारांमधल्या क्षेत्ररेषा थराबाहेर पडतात आणि तिथं त्यांचा जोर कमी करणारं फारसं काही नसतं. बंधनऊर्जा काहीशे मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टवर जाते, म्हणून बहुतेक जोड्या सुटतच नाहीत. त्या एक्सायटॉन, म्हणजे बांधलेली जोडी, बनून फिरतात. एक्सायटॉनवर निव्वळ प्रभार नसतो. विद्युतक्षेत्र लावून तो ओढता येत नाही, तो फक्त पसरतो. ड्रिफ्टची (क्षेत्रानं प्रभार ओढला जाण्याची) समीकरणं पाठ करून आलेल्यांना हे पचायला वेळ लागतो.

पसरणं मोजण्याची कल्पना सोपी आहे. लेसरचा ठिपका पाडायचा आणि तो वेळेनुसार किती रुंदावतो ते पाहायचं. डिफ्युजन गुणांक (पसरण्याचा वेग सांगणारा आकडा) 1 चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद आणि आयुष्य 1 नॅनोसेकंद धरलं, तर अंतर येतं साधारण 300 नॅनोमीटर, म्हणजे बऱ्याचदा ठिपक्याहूनही कमी. तरी ते मोजता येतं. दोन जवळचे बिंदू वेगळे दिसणं हा एक प्रश्न, एकाच ठिपक्याची रुंदी किती वाढली हा दुसरा, आणि विवर्तनाची मर्यादा (प्रकाश तरंग असल्यानं बारीक तपशील धूसर होणं) खरी आड येते ती पहिल्याला. रुंदीचा वर्ग वेळेसोबत सरळ रेषेत वाढला की उतारावरून गुणांक काढायचा.

पण ती रेषा दिसली म्हणून लगेच आनंद मानू नका. लेसरची शक्ती जास्त असेल तर एक्सायटॉन एकमेकांना गाठून नष्ट होतात. गर्दी मध्यभागी जास्त, म्हणून घटही तिथंच जास्त. ठिपका मधून चपटा होतो आणि कोणी फारसं हललं नसतानाही रुंदावल्यासारखा दिसतो. म्हणून शक्ती पायरीपायरीनं कमी करत तेच मोजमाप पुन्हा घ्या. गुणांक शक्तीसोबत बदलत असेल, तर तुम्ही निव्वळ डिफ्युजन मोजत नाही आहात. हे काम कंटाळवाणं आहे, सिग्नल अगदी क्षीण होतो, आणि नेमकं हेच घाईत गाळलं जातं. कोणताही आलेख हाती आला की मी आधी शक्तीचा आकडा शोधतो.

नमुन्याकडे वळू. एकच थर असेल तर खालचा पृष्ठभागही अर्धवाहकाचाच भाग समजा. सिलिकॉन ऑक्साइडवरची विषमता एक्सायटॉनची ऊर्जा जागोजागी वरखाली करते. षटकोनी बोरॉन नायट्राइडच्या दोन पापुद्र्यांमध्ये थर झाकला की फोटोल्युमिनेसन्सची (प्रकाश पडल्यावर पदार्थानं परत सोडलेल्या प्रकाशाची) रेषा अरुंद होते आणि निकाल जास्त भरवशाचे येतात. थर एकच आहे का, हे रामन वर्णपटावरून (विखुरलेल्या प्रकाशात दिसणाऱ्या अणूंच्या कंपनांवरून) तपासा: मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या दोन मुख्य शिखरांमधलं अंतर एका थरात 19 प्रति सेंटिमीटरच्या आसपास असतं, जाड तुकड्यात 25 कडे जातं. चिकटपट्टीनं पापुद्रे काढणं हात बसल्यावर जमतं, त्यावर जास्त बोलत नाही.

वेगळे प्रभारच हवे असतील तर दोन वेगवेगळे थर एकावर एक ठेवा. मॉलिब्डेनम डायसल्फाइडवर टंगस्टन डायसल्फाइड ठेवलं, तर होल टंगस्टनच्या बाजूला जातो, तोही 50 फेमटोसेकंदांच्या आत. हे 2014 मध्ये मोजलं गेलं. तरी जोडी पूर्ण तुटत नाही. थरांच्या आरपार आकर्षण राहतं, पण आयुष्य वाढतं, आणि ती जास्त दूर जाऊ शकते.

फोटोकरंटवर (प्रकाशामुळे वाहणाऱ्या विद्युतप्रवाहावर) काम करणार असाल तर आणखी एक खबरदारी. डिफेक्टमध्ये (स्फटिकातल्या दोषात) होल अडकून बसला, की तो ट्रान्झिस्टरचा प्रवाह कमीजास्त करणाऱ्या गेटसारखा वागतो आणि चॅनेलमधून (प्रवाहाच्या वाटेतून) कितीतरी पटींनी जास्त इलेक्ट्रॉन वाहतात. प्रतिसादाचा आकडा डोळे दिपवतो. अशा वेळी लेसर बंद करा आणि करंट किती वेळात खाली येतो ते बघा. काही सेकंद लागत असतील, तर तो आकडा वाहकांच्या वेगापेक्षा अडकलेल्या होलविषयीच जास्त सांगतोय.