जुन्या ईको व्हॅनचे पुढचे शॉकअप आणि लोअर आर्म घरी कसे बदलावे

शाळेची मुले, लग्नाचे सामान किंवा काटोलकडची संत्री वाहून नागपुरात दहा-बारा वर्षे काढलेल्या मारुती ईकोच्या पुढच्या बाजूने गतिरोधकावर खटखट ऐकू येऊ लागली, की बहुधा शॉकअप (धक्के शोषणारा भाग), त्याचे वरचे माउंटिंग, लोअर आर्मचे (चाकाला खालून सांगाड्याशी जोडणाऱ्या भुजेचे) बुश (रबरी सांधा) किंवा बॉल जॉइंट (चाकाकडचा गोलाकार सांधा) यांपैकी काहीतरी संपलेले असते. २०१० साली बाजारात आलेल्या या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा भाग) आहे आणि ती मागच्या चाकांवर चालत असल्यामुळे पुढच्या चाकांना ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनाची ताकद चाकाला देणारा दांडा) नसतो. त्यामुळे पान्यांची सवय असलेल्या माणसाला हे काम, स्प्रिंगचा भाग सोडून, घरी जमण्यासारखे आहे.

प्रथम दोष नेमका शोधावा. गाडीचा पुढचा कोपरा जोराने दाबून सोडल्यावर तो दोनपेक्षा अधिक वेळा हिंदकळला किंवा शॉकअपवर तेलाचे ओघळ दिसले, तर शॉकअप गेला असे समजावे. चाक उचलून वर-खाली धरून हलवल्यावर ढिलेपणा जाणवत असेल, तर सहकाऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. ढिलेपणा नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा असतो, तसाच राहिला तर बॉल जॉइंटकडे पाहावे. एकाच बाजूचा शॉकअप खराब असला तरी जोडीच बदलावी, आणि तिच्यासोबत माउंटिंग, बंप स्टॉप (मोठा धक्का अडवणारी गादी), धूळरोधक रबर व नवे नट आणावेत. बुश आणि बॉल जॉइंट दोन्ही झिजले असतील तर प्रेसवर बुश दाबून बसवण्याच्या खटपटीत न पडता संपूर्ण लोअर आर्म घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

जागा सपाट आणि सिमेंटची असावी. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी वाटली तरी पावसात जॅक आणि स्टँड तिच्यात रुततात, म्हणून कच्च्या अंगणात हे काम करूच नये. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा पहाटे सुरुवात करावी, आणि गंजलेल्या बोल्टांवर गंज सोडवणारे तेल आदल्या संध्याकाळीच मारून ठेवावे.

हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून मग पुढची बाजू उचलावी आणि मालकाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी दोन स्टँड द्यावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. काढलेले चाक गाडीच्या दाराखालच्या पट्टीखाली आडवे ठेवावे, म्हणजे स्टँड घसरलाच तर गाडी त्यावर टेकेल.

ब्रेकचा होज (तेलाची लवचीक नळी) स्ट्रटवरून मोकळा करून घ्यावा. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत सेन्सरची तारही सोडवावी. स्ट्रट व नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) यांना जोडणाऱ्या बोल्टांची मूळ जागा रंगाने खुणावून ठेवावी, कारण कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) त्यावर अवलंबून असू शकतो. नकल तारेने बांधून ते बोल्ट काढावेत. होजवर त्याचा भार येऊ देऊ नये. शेवटी एका हाताने स्ट्रट धरून माउंटिंगचे बाहेरचे नट सोडावेत. मधला मोठा नट मात्र अजिबात फिरवू नये! त्याच्याखाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि तो सुटल्यास ती माणसाला गंभीर इजा करण्याइतक्या जोराने उसळते. तारेने किंवा दोरीने स्प्रिंग बांधण्याचे जुगाड करू नयेत; स्ट्रट तसाच गॅरेजमध्ये नेऊन, योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसरवर नवा शॉकअप बसवून आणावा.

लोअर आर्म काढताना बॉल जॉइंटची स्प्लिट पिन काढून नट सैल करावा, पण दोन-तीन आट्यांवर राहू द्यावा. मग नकलच्या ज्या भागात बॉल जॉइंटचा दांडा बसतो त्याच्या बाजूवर हातोडीने ठोकल्यास तो सुटतो. आट्यांवर घाव घालू नयेत. काही गाड्यांत हा दांडा आडव्या बोल्टने आवळलेला असतो. तिथे बोल्ट पूर्ण काढावा लागतो.

जोडणी उलट क्रमाने करावी, पण आर्मच्या बुशचे बोल्ट या टप्प्यावर फक्त हाताला घट्ट लागतील इतकेच आवळावेत. अशा बुशमधले रबर आतल्या व बाहेरच्या नळीला चिकटलेले असते आणि आर्म वर-खाली होताना ते पिळले जाते. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि नवा बुशसुद्धा लवकर फाटतो. घाईच्या गॅरेजमध्ये ही गोष्ट सर्रास टाळली जाते. म्हणून चाके लावून, गाडी मजबूत रॅम्पवर चाकांच्या भारावर उभी करून मगच हे बोल्ट सर्व्हिस मॅन्युअलमधील मापाने टॉर्क रिंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत.

चाकांचे नट समोरासमोर, आलटून-पालटून घट्ट करावेत. गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल दाबून पाहावे आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून होज कुठे ताणला किंवा घासला जात नाही ना, याची खात्री करावी. मोकळ्या गल्लीत सावकाश चालवून आवाज ऐकावा, नंतर त्याच दिवशी चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. टो (चाकांचे तोंड आत किंवा बाहेर वळलेले असणे) बिघडलेला राहिला तर टायरची एक कड थोड्याच काळात खाऊन जाते. सुमारे १०० किलोमीटर झाल्यावर चाकांचे व स्ट्रटचे सगळे नट पुन्हा एकदा तपासावेत.