लस देऊनही रोग आला? विषाणूजन्य रोगांच्या नियंत्रणातील या चुका टाळा

लसीकरणानंतरही कळपात रोग उद्भवला, की सगळे जण लसीलाच नावे ठेवतात. क्वचित तो दोष खराही असतो; परंतु चौकशीची सुरुवात, कुपी कुठे आणि कशी ठेवली होती, या प्रश्नापासून करावी. लाळ्या-खुरकूत रोगाची तेलयुक्त निष्क्रिय लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच टिकते. जास्त थंड म्हणजे जास्त सुरक्षित, अशा समजुतीने ती फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकवून किंवा बर्फाला चिकटवून ठेवली, तर ती गोठते आणि तेल-पाण्याचे मिश्रण फुटते. हलवूनही न मिसळणारे थर दिसले तर कुपी टाकून द्यावीच. मात्र थर दिसत नाहीत म्हणून एकदा गोठलेली कुपी वापरणेही चूकच. याउलट जिवंत विषाणूंची लस द्रावकात मिसळल्यावर काही तासांतच निकामी होऊ लागते, आणि स्पिरिटने धुऊन न सुकवलेल्या सिरिंजमध्ये तर त्याआधीच.

लस उत्तम असूनही ती भलत्याच विषाणूविरुद्धची असू शकते. लाळ्या-खुरकूत रोगाच्या विषाणूचे सात सीरोटाइप (प्रतिकारशक्ती वेगवेगळे ओळखते असे उपप्रकार) आहेत आणि एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याच्या वेळी उपयोगी पडत नाही. बुळकांडी (रिंडरपेस्ट) या गुरांच्या रोगाच्या विषाणूचा सीरोटाइप एकच होता. २०११ मध्ये तो रोग जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर करता आले, त्यामागचे हे एक महत्त्वाचे कारण. तेव्हा साथीतील विषाणूचा प्रकार प्रयोगशाळेतून ठरवून घेतल्याशिवाय त्याच लसीची आणखी एक मात्रा देण्यात फारसा अर्थ नाही.

कुत्र्याच्या पिल्लांच्या बाबतीत घोटाळा वेगळाच असतो. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे पिल्लाचे रक्षण करतात, पण तीच लसीतील विषाणूलाही निष्प्रभ करतात, आणि ती नेमकी कधी ओसरतील हे एकाच विणीतील दोन पिल्लांतही सारखे नसते. आठव्या आठवड्यात एक टोचणी देऊन थांबलेले पिल्लू पुढे पार्व्हो या विषाणूच्या जुलाब-उलट्यांच्या रोगाने आजारी पडते ते बहुधा यामुळेच. म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी, किमान सोळाव्या आठवड्यापर्यंत, मात्रा देत राहाव्या लागतात.

निर्जंतुकीकरणात वासावर भरवसा ठेवण्याची सवय फार जुनी आहे. बाहेर मेदाचे आवरण असलेले विषाणू साबणानेही मोडतात. पार्व्होला असे आवरणच नसल्याने चतुर्थक अमोनियमयुक्त (फरशी पुसण्याच्या अनेक जंतुनाशकांत असणाऱ्या) द्रावणांतून तो सहसा सहीसलामत सुटतो आणि जमिनीवर कित्येक महिने तग धरतो. त्यासाठी क्लोरीनयुक्त ब्लीच लागते, तेही विष्ठा आणि घाण घासून काढल्यानंतर, कारण सेंद्रिय मळात क्लोरीनची ताकद तिथेच खर्ची पडते. लाळ्या-खुरकूत रोगाचा विषाणूही विनाआवरणाचा. पण तो आम्लाला आणि तीव्र अल्कलीला कच्चा आहे, त्यामुळे धुण्याच्या सोड्याचे ४ टक्के द्रावण त्यावर चालते. अधिक परिणामासाठी त्याच बादलीत सायट्रिक आम्ल ओतणारेही भेटतात. दोन्ही एकमेकांना उदासीन करतात आणि बादलीत फेसाळलेले खारट पाणी तेवढे उरते.

प्रतिजैविकांनी विषाणू मरत नाही. ती द्यायची तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, जिवाणूंच्या दुय्यम संसर्गासाठी. एकच सुई जनावरामागून जनावराला वापरणे म्हणजे लसीकरणाच्या फेरीतच रोग वाटत जाणे. नवे जनावर निरोगी दिसते म्हणून थेट कळपात सोडू नये, कारण अनेक विषाणू लक्षणे दिसण्याआधीच बाहेर पडू लागतात. निदान २१ दिवस ते वेगळे ठेवावे.

निदानासाठीचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये बुडवून पाठवला, तर त्यातून विषाणू वाढवता येत नाही. फोडाची ताजी त्वचा योग्य बफरमध्ये (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणात), थंड ठेवून पाठवावी. रक्तजलाच्या (सीरमच्या) एकाच तपासणीत प्रतिपिंडे आढळली, तर ती आताच्या संसर्गाची, जुन्या आजाराची की लसीची, हे सहसा सांगता येत नाही. त्यासाठी दोन ते तीन आठवड्यांनी त्याच जनावराचा दुसरा नमुना घेऊन दोन्ही नमुने एकत्र तपासावेत.