लग्नाची नोंद नाही, घर त्याच्या नावावर: बाहेर काढू लागले तर काय करायचं?

"दहा-बारा वर्षं एकत्र राहिलं की कायद्यानं बायकोच होते," असं सांगणारे लोक सांगलीत विजयनगरला कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर हमखास भेटतात. "लग्नाचा कागद नाही ना, मग कसला हक्क?" असं म्हणणारेही तिथंच बसलेले असतात. दोघांचंही चुकतं. अमुक इतकी वर्षं झाली की आपोआप लग्न लागतं, असं आपल्या कायद्यात कुठंही नाही. पण नोंद नाही म्हणून बाईला रातोरात उंबऱ्याबाहेर काढता येतं, असंही नाही. घराची मालकी एक आणि त्या घरात राहण्याचा हक्क दुसरा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा या राहण्याच्या हक्काला धरून आहे, आणि लग्नासारख्या नात्यात राहिलेल्या बाईलाही तो लागू होतो.

१. आपलं नातं कशात बसतं ते आधी बघा

इथं घाई करू नका. पुढचं सगळं यावर ठरतं.

देवळात किंवा दारात मांडव घालून रीतीप्रमाणं लग्न लागलं, फक्त नोंदणी राहिली, तर तुम्ही बायकोच आहात. हिंदू विवाह कायद्यात लग्न विधींनी होतं. नोंद नाही म्हणून ते रद्द होत नाही. याच्या उलट, नुसता नोटरीसमोर 'विवाह करार' केला आणि विधी काहीच झाले नाहीत, तर त्या कागदाला लग्न म्हणून किंमत नाही. विधीच झालेले नसतील तर नोंदणीचा दाखलासुद्धा उपयोगाचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

पाट लावला असेल तर पहिला प्रश्न पहिल्या नवऱ्याचा. तो वारला असेल तर अडचण नाही, मृत्यूचा दाखला काढून ठेवा. काडीमोड झाली असेल तर मात्र जपून. रूढीप्रमाणं झालेली फारकत कायदा मानतो, पण तशी रूढी त्या समाजात आहे हे कोर्टात शाबीत करावं लागतं. पाच पंचांच्या सह्यांचा स्टँप पेपर तेवढ्यानं पुरत नाही. समोरचा वकील उलटतपासणीत पहिला हात यालाच घालतो, म्हणून त्या बैठकीतले दोन साक्षीदार कुठं आहेत ते आत्ताच शोधून ठेवा.

लग्नच नाही, नुसते एकत्र राहत होतात, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालातल्या कसोट्या लागतात: दोघंही लग्नाच्या वयाचे आणि अविवाहित, म्हणजे लग्न करायला मोकळे, आपखुशीनं बराच काळ एकत्र, आणि चारचौघांत नवरा-बायको म्हणून वावर. शनिवार-रविवारच्या भेटी यात धरत नाहीत.

आणि त्याची पहिली बायको हयात असेल तर? हे माहीत असून राहिलात तर ते लग्नासारखं नातं धरता येत नाही, असा २०१३ चा निकाल आहे. पण त्यानं ते लपवून तुमच्याशी लग्न लावलं असेल, तर पोटगीपुरतं तुम्हाला बायको मानावं, असंही त्याच वर्षी महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरलं. म्हणून 'मला कधी कळलं' याची तारीख आणि पुरावा सांभाळा. अशा नात्यातल्या मुलांचे हक्क वेगळे आहेत. आईच्या अडचणीनं ते बुडत नाहीत.

२. घर सोडू नका, सही करू नका

"चार दिवस माहेरी जाऊन ये, वातावरण निवळू दे," असं गोड बोलून पाठवतात आणि परत येईपर्यंत कुलूप बदललेलं असतं. मारहाणीची भीती असेल तर अर्थात निघा, जीव आधी. अशा वेळी ११२ ला फोन करा, महिलांसाठी १८१ आहे. बाहेर पडल्यानं हक्क संपत नाही; पूर्वी कधीही त्या घरात एकत्र राहिला असाल तरी तो दावा करता येतो.

गावात तंटामुक्त समिती किंवा भावकी बैठक बोलावते. जायला हरकत नाही, कधीकधी भांडीकुंडी, दागिने तिथंच मिटतात. पण बाईला घराबाहेर काढायचा अधिकार सरपंचाला नाही, समितीला नाही आणि पोलीस पाटलालाही नाही. 'मी स्वखुशीने घर सोडत असून माझा यापुढे काही हक्क राहणार नाही' हे वाक्य कागदावर दिसलं की पेन खाली ठेवा. वकिलाला दाखवते म्हणा आणि मोबाइलवर फोटो काढून घ्या.

३. कागद गोळा करा

लोक सातबारा शोधत बसतात. इथं त्याचा उपयोग कमी. आपण नवरा-बायको म्हणून इथं राहत होतो, हे दाखवणारं काहीही चालतं: रेशन कार्ड, गॅसचं पुस्तक, मुलांच्या शाळेचा दाखला, विम्याचं नॉमिनेशन, बचत गटाचं पासबुक, मतदार यादी, घरभरणीचे फोटो.

सगळ्यात बोलका कागद बऱ्याचदा दवाखान्यातला असतो. मिरजेच्या एखाद्या हॉस्पिटलात सिझर झालं असेल, तर ऑपरेशनच्या संमतीपत्रावर 'रुग्णाशी नाते' या रकान्यात त्यानं स्वतःच्या हातानं 'पती' लिहून सही केलेली असते. आज "माझा हिचा संबंध नाही" म्हणणाऱ्याला ते अक्षर अडवतं. केसपेपरची नक्कल मागून घ्या. मूळ कागद घरात ठेवू नका, बहिणीकडं ठेवा.

४. घर कुणाचं?

त्याच्या नावावर असेल तर सरळ आहे. ते तुमचं 'सामाईक घर' ठरतं, म्हणजे मालकी त्याची, पण राहण्याचा हक्क तुमचाही. तो विकू नये, गहाण टाकू नये, अशी मनाई मागता येते.

सासू-सासऱ्यांच्या नावावर असेल तरी २०२० पासून दार बंद नाही. त्याआधीच्या एका निकालाप्रमाणं घरात नवऱ्याची मालकी किंवा हिस्सा लागायचा. तो निकाल सर्वोच्च न्यायालयानं फिरवला. मात्र पाहुण्यासारखं येऊन-जाऊन राहणं पुरत नाही, संसार तिथं असावा लागतो. सासू-सासरे घर रिकामं करून मागायला ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताकडं जातात, तिथं नोटीस आली तर हजर राहा. त्या कायद्याचा वापर करून सुनेचा राहण्याचा हक्क असाच उडवता येत नाही. खरं सांगायचं तर थकलेल्या सासू-सासऱ्यांच्या घरात कोर्ट पुष्कळदा मधला मार्ग काढतं: दुसरीकडं त्याच दर्जाची जागा, भाडं त्यानं भरायचं. तो पर्याय अर्जात तुम्हीच मागितलेला बरा.

भाड्याचं घर असेल तर डाव ठरलेला: तो भाडं थांबवतो, मालकाला चावी देतो, मग मालक तुम्हाला काढतो. म्हणून 'कोर्टाच्या परवानगीशिवाय त्यानं जागेवरचा हक्क सोडू नये' असा आदेश मागा. कायद्यात ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे, पण अर्जात ती लिहायची पुष्कळांकडून राहून जाते. जमेल तेवढं भाडं मालकाच्या खात्यावर टाकत राहा. रोख दिलं तर पावती घ्या.

घर तुमच्या नावावर असेल तर त्याला बाहेर काढण्याचा आदेश मागता येतो. घरातल्या बायकांविरुद्ध, म्हणजे सासू-नणंदेविरुद्ध, तसा आदेश या कायद्याखाली मिळत नाही.

पुरुष वाचकांसाठी: हा कायदा तुमच्या बाजूनं अर्ज करू देत नाही. पण तिच्या घरात राहत असलात तरी मारहाण करून, सामान रस्त्यावर फेकून तुम्हाला काढणं बेकायदाच. दाद दिवाणी कोर्टात.

५. अर्ज कुठं, कसा

अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं करायचा. तुम्ही सध्या राहता तिथलं कोर्टही चालतं. हे विटा-खानापूर भागात फार कामाचं आहे. तो गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) दुकानावर कोइमतूरला असला, संसारही तिकडंच झाला असला, तरी माहेरी आलेली बाई विट्याला अर्ज करू शकते आणि आदेश देशभर चालतो.

तालुक्याचे संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल लिहून कोर्टात पाठवतात. ते भेटत नसतील तर अडून राहू नका, त्या अहवालाशिवायही कोर्ट आदेश देऊ शकतं. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका विधी सेवा समितीत जा. बाईला उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. फोन १५१०० वर करा.

कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत. प्रत्यक्षात साठ दिवसांवर कुणी भरवसा ठेवू नये. म्हणूनच अर्ज कराल त्याच दिवशी अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, आदेशाचा वेगळा अर्ज, शपथपत्रासह, जोडा. समोरच्याचं ऐकण्याआधीही कोर्ट तो देऊ शकतं.

६. कुलूप आधीच बदललं असेल

घरात येऊ न देणं हाच या कायद्यानं आर्थिक छळ आहे. वळ दाखवायची गरज नाही. कुलपाचा, बाहेर टाकलेल्या सामानाचा फोटो काढा, ठाण्यात तक्रार अर्ज द्या आणि पोच घ्या. "दिवाणी मॅटर आहे" म्हणून परत पाठवलं तर अर्ज पोस्टानं पाठवा. याशिवाय कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला म्हणून दिवाणी दावाही आहे. त्याला मुदत सहा महिने, आणि ती वाढत नाही.

७. आदेश हातात आल्यावर

आदेशाची नक्कल कोर्टातून फुकट मिळते. एक प्रत ठाण्यात देऊन पोच घ्या. घरात परत जाताना पोलीस सोबत द्यावेत, असं आदेशातच लिहून मागता येतं. संरक्षणाचा आदेश, म्हणजे त्यानं पुन्हा हिंसा करू नये असा आदेश, अंतरिम असला तरी, मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून राहण्याच्या आदेशाबरोबर संरक्षणाचा आदेशही मागा. आदेश विरोधात गेला तर तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करा. त्यापुढं उच्च न्यायालयासाठी सांगलीकरांना मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू आहे.