माळकरी, फौजी आणि वकील: स्मरणलेख लिहायचा तर

साताऱ्याच्या कोर्टात मी एका वकीलसाहेबांचा कारकून होतो. साहेब आधी पलटणीत, मग वकिलीत, आणि पक्के वारकरी. वर्षश्राद्धाच्या स्मरणिकेतला त्यांच्यावरचा लेख माझ्या गळ्यात पडला. तेव्हापासून बारमधलं, म्हणजे वकील संघातलं, कोणी गेलं की घरचे मलाच विचारतात, काय लिहायचं? म्हणून एकदाच सांगून टाकतो.

'धर्मनिष्ठ, देशभक्त, न्यायप्रिय' हे शब्द कुणालाही चिकटतात. ते बाजूला ठेवा आणि आधी केसडायऱ्या काढा. वकिलाचं खरं चरित्र तिथंच असतं. साहेबांच्या डायरीत आषाढीच्या आधीची एक-दोन पानं दरवर्षी कोरी. एकही तारीख नाही, वर फक्त 'माउली'. पालखी लोणंदला आली की तारीख पुढं मागायचे मुदतीचे अर्ज ज्युनिअरच्या हाती देऊन साहेब चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायला. आणि वेळ लिहायची रीत बघा: पक्षकाराला साडेदहाला बोलावलं तरी डायरीत '१०३०'. फौज सुटली, घड्याळ सुटलं नाही. अशी एक नोंद दहा विशेषणांना भारी पडते.

फौजेबद्दल ऐकीव लिहू नका. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक, मागा. भरतीची तारीख, पलटण, पदकं त्यात मिळतात. साहेब १ मराठा लाइट इन्फन्ट्रीत, म्हणजे जंगी पलटणीत, डिसेंबर १९७१ ला जमालपूरच्या लढाईत होते. घरी मात्र सगळे 'बांगलादेशची लढाई' एवढंच म्हणायचे. पदक भिंगाखाली धरा, कडेवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. एकाहत्तरच्या पदकांत 'पूर्वी स्टार' पूर्व आघाडीचा, 'पश्चिमी स्टार' पश्चिमेचा. ही दोन्ही आणि संग्राम मेडल सेवेबद्दल मिळतात, त्यांना शौर्यपदक म्हणू नका. वाचणाऱ्यांत एखादा सुभेदार निघतोच.

माणसांना विचारताना 'स्वभाव कसा होता?' विचाराल तर 'फार चांगला' एवढंच हाती लागेल. लंगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या भटारखान्यात, काय खायचे, रात्रीच्या पहाऱ्यावर काय करायचे, ते विचारा. साहेबांचा पलटणीतला दोस्त म्हणाला, मटणाच्या दिवशी ताट घेऊन हाच पुढं! घरचे तर सांगत होते, माळ लहानपणापासूनची. बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरमधला, गळा उघडा असलेला फोटो काढून बघितला, तर माळ नाहीच. लढाई बघून आल्यावर घातलेली. घरच्यांची नाराजी पत्करून मी ते छापलं. जन्मापासून भक्त असण्यापेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते. घरच्यांना दुखवायचं नसेल तर आधी वाचून दाखवा, पण खोडू नका.

कोर्टाच्या कामांबद्दल मात्र हात आखडता घ्या. पक्षकारानं विश्वासानं सांगितलेलं वकील गेल्यावर घरच्यांच्या मालकीचं होत नाही. भाऊबंदकीचा दावा, घटस्फोट, हे किस्से कितीही रंगतदार असोत, सोडून द्या. निकाल झालेल्या जुन्या दाव्याबद्दल लिहायचंच असेल तर नक्कल विभागात अर्ज करा, निकालाची नक्कल घ्या आणि त्यात आहे तेवढंच लिहा. कपाटातल्या चालू फायली ज्युनिअरकडे द्या किंवा पक्षकाराला परत करा, पोच घेऊन. लेखाचं काम नव्हे हे, पण मागाहून घोळ होतो.

वकिलीची सनद कोणत्या वर्षाची, दिंडी कोणती, हे एका ओळीत येतं. नातेवाइकांची यादी शेवटी, बारीक टायपात.

छापण्याआधी लेख दिंडीतल्या एकाला आणि पलटणीतल्या एकाला वाचायला द्या. बारमधल्या वकिलांना अगदी शेवटी, छापखान्याच्या आदल्या दिवशी. नाहीतर ते मसुदा दुरुस्त करत बसतील आणि वर्षश्राद्धाची तारीख निघून जाईल.